चितळाचं पाडस, सप्रेम भेट

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा धाकटीनं शाळेत लिहिलेला निबंध मला फोनवर वाचून दाखवला. विषय होता, माझी आजी. आजी नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना वन्य प्राण्यांविषयी शिकवायची आणि तिनं पुष्कळ प्राण्यांना वाचवलं, असं त्यात होतं. मी "छान लिहिलंस गं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याचा पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा नाही. तो निबंध वर्गाच्या भिंतीवर लावलाय, असंही ती म्हणाली. एकदा भिंतीवर लागलेलं काढायला किती जड जातं, हे मला माहीत आहे, म्हणून आताच लिहिते आहे. वाचायला अडलं तर बाबाला विचारा. पण त्यालाही यातलं फारसं ठाऊक नाही. तो तेव्हा सातवीत होता आणि त्याचं सगळं लक्ष क्रिकेटमध्ये होतं.

क्रमानं सांगते.

मी इंग्रजीत एम. ए. केलं आणि लग्न होऊन धरमपेठेत आले. घरातल्या बायकांनी पगारी नोकरी करायची नाही, असा सासूबाईंचा नियम होता. बिनपगारी काहीही करायला हरकत नव्हती. त्यामुळे गल्लीतल्या कुणाला इंग्रजी पत्र आलं की ते माझ्याकडे यायचं. प्राणिसंग्रहालयाचे मुख्य अधिकारी आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. शिक्षणानं ते पशुवैद्य होते. आम्ही सगळे त्यांना साहेबच म्हणायचो. एका संध्याकाळी तेही असंच पत्र घेऊन आले.

पत्र कोलंबोहून आलं होतं. आपल्या बाजूच्या गरीब देशांतल्या प्राणिसंग्रहालयांची एक छोटी संस्था निघाली होती. भारत, नेपाळ, बांगलादेश, ब्रह्मदेश, श्रीलंका. लोक रविवारी शेंगा खायला येतात, माकडांना खडे मारतात आणि जातात. त्यांना प्राण्यांविषयी काही शिकवावं, जंगलाविषयी आस्था निर्माण करावी, असा तिचा हेतू होता. पत्रात सरळ प्रश्न होता: तुमच्याकडे शिक्षणाधिकारी आहे का?

"शिक्षणाधिकारी! इथं झाडूवाला पुरत नाही," साहेब म्हणाले.

"मग नाही म्हणून लिहू?"

"नाही लिहिलं तर पुढचं काहीच येणार नाही. आहे म्हणून लिहा." त्यांनी चहा संपवला. "आणि खाली नाव तुमचंच टाका, मॅडम. मानद."

मी टाकलं. खोट्याची सुरुवात तिथे झाली, पण त्या दिवशी मला ते खोटं वाटलं नाही. मला फार आनंद झाला होता.

संस्थेकडे पैसा नव्हता. पत्रकं यायची ती चक्रमुद्रित, निळसर शाईची. आणि एक फिरती वही होती. जाड, कापडी पुठ्ठ्याची. ती पोस्टानं एका शहरातून दुसऱ्या शहरात जायची. प्रत्येकानं ती पंधरा दिवस ठेवायची, आपण काय केलं ते लिहायचं, फोटो चिकटवायचे आणि पुढे पाठवायची. कोलंबोहून नागपूर, नागपूरहून काठमांडू, मग ढाका, रंगून, परत कोलंबो. मी यांतल्या कुणालाही कधी भेटले नाही. कोलंबोच्या बाईंचं अक्षर उभं आणि बारीक होतं, काठमांडूचे गृहस्थ चुकीच्या इंग्रजीत फार चांगलं लिहायचे. वही आली की मी स्वयंपाकघरात बसून ती पहिल्यापासून वाचायची.

कोलंबोच्या बाईंनी पहिल्याच पानावर लिहिलं होतं की मुलांना प्राणी आपले वाटले पाहिजेत.

आता बघा, हे वाक्य वाचून आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे काय येईल? मी ज्या शाळेत शिकले तिथे पंख्याच्या पात्यावर लाल रंगात नाव होतं. पाण्याच्या टाकीवर होतं, घड्याळावर होतं, देवळाच्या पायरीवर होतं. आपण वस्तू दिली, तिच्यावर आपलं नाव आलं, म्हणजे ती आपली. मला दुसरं काही सुचलंच नाही.

संक्रांतीच्या सुमारास शहरातल्या एका शाळेच्या मुलांनी पतंगाच्या मांज्यानं पंख कापलेलं एक घुबड आणून दिलं. साहेबांनी टाके घातले. मी पेंटरकडून पाटी करून घेतली: "गव्हाणी घुबड. सप्रेम भेट, इयत्ता पाचवी." खाली शाळेचं नाव. पुढच्या रविवारी त्या वर्गातली निम्मी मुलं आईवडिलांना घेऊन हजर. त्याच्या पुढच्या रविवारी मामा, मावश्या. घुबडाला अशुभ म्हणणारी माणसं पाटीपुढे उभं राहून फोटो काढून घेऊ लागली. मी वहीत तीन पानं लिहिली, फोटो चिकटवला आणि वही काठमांडूला रवाना केली.

मग मी शाळाशाळांतून बोलू लागले. शहरातल्या, मग बाहेरच्या. शिक्षकांची संमेलनं व्हायची, तिथे मला अर्धा तास मिळायचा. मी सांगायची: प्राण्यांना मारू नका, जखमी किंवा पोरका प्राणी दिसला तर आम्हाला कळवा, आम्ही तो वाचवू. आणि पाटीचं सांगायची. पाटीचं सांगितलं की सभागृहात हालचाल व्हायची, लोक वहीत काही लिहून घ्यायचे. काय लिहून घेत होते ते लवकरच कळलं. कासव आलं. घोरपड आली. सशाची पिल्लं बिस्किटांच्या डब्यातून आली. पोपट, मुंगूस, खोकड. प्रत्येकाबरोबर मुख्याध्यापकांचं पत्र, आणि पत्रात पाटीवर नाव कसं लिहावं याची सविस्तर सूचना.

हरणांकडे एक वयस्कर राखणदार होता. एक दिवस तो कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, तुमच्या पाटीच्या पायी मले बसाले जागा नाई उरली. येते थो पिल्लू घेऊन येते. हे झू होय का मामाचं घर?"

मी हसले. त्याला म्हटलं, "लोकांना प्राण्यांची दया येऊ लागली आहे, हे चांगलं नाही का?"

"दया येऊन राह्यली का पाटी पाह्यजे, थे तुमीच पाहा," तो म्हणाला आणि सशांना पाला टाकायला गेला.

चितळाचं पाडस त्या उन्हाळ्याच्या तोंडावर आलं. काटोलच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका खेड्यातले गुरुजी चौथीचा अख्खा वर्ग एसटीत बसवून घेऊन आले. पाडस पोत्यात होतं, फक्त तोंड बाहेर. आठ दिवसांचंही नसेल. मोठी माणसं संत्र्यांच्या तोडणीत होती, तेव्हा मुलांना ते बगीच्याच्या बांधावर गवतात एकटं सापडलं. "मायनं टाकून देल्लं जी," मुलं एका सुरात म्हणाली. पाडस जराही हललं नव्हतं, पळालं नव्हतं, म्हणून त्यांना ते आजारी वाटलं. मी प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला. साहेबांनी नोंदवहीत लिहिलं, "जखमी अवस्थेत सापडले." शिकारबंदीचा कायदा होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि असं लिहिलं नाही तर उचलून आणणारा अडचणीत येतो, हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं.

पाटी लागली. पाडस राखणदाराच्या हातून बाटलीनं दूध पिऊ लागलं.

नवव्या दिवशी दुपारी मी हरणांच्या कुंपणापाशी पुढच्या वर्गासाठी फळ्यावर चित्र काढत होते. तिथे लुगडं नेसलेल्या दोन बायका आल्या. एकीच्या डोक्यावर संत्र्यांची टोपली होती. दोघी जावा, दवाखान्यातल्या कुणा नातेवाइकाला भेटायला आलेल्या असाव्यात.

"थे पाह्य वं, आपलंच पाडस."

"कशावरून आपलं? सारे एकसारखेच दिसते."

"पाटी हाय ना. वाच."

"मले कुठं वाचता येते? तुले येते का?"

"मंग त्या बाईले इचार ना."

मी पाटी वाचून दाखवली. थोरली खूश झाली. "माह्या पोराचा वर्ग होय जी," ती म्हणाली. मग कुंपणाला हात धरून बराच वेळ पाडसाकडे पाहत राहिली. "पण बाई, याची माय अजून येते ना."

"कुठं येते?"

"आमच्या बगीच्यात. जिथून पोरायनं उचललं, तिथंच. दिवस बुडाला का येते, उभी रायते, आरडते. कुत्रं भुकलं तरी हालत नाई."

"माह्या सासऱ्यानं गोटा भिरकावला," दुसरी म्हणाली. "तरी नाई गेली. काल बी होती."

मी म्हटलं, "पण आईनं टाकून दिलं होतं ना त्याला?"

 थोरली जावेकडे वळून म्हणाली, "आयकलं का वं? आपण वावरात निंदाले जातो, लेकरू झाडाखाली निजवून ठेवतो. कोनी म्हनते का टाकून देल्लं म्हून? उचलून नेते का कोनी अन् पाटी लावते का त्याच्यावर?"

"गुरुजीले सांगतलं नाही का मंग तू?"

"सांगतलं. थे म्हने, नागपूरच्या बाईनं सांगतलं हाय, झूत नेलं म्हंजे वाचते."

"थ्या बाईले लेकरं नसतीन," जाऊ म्हणाली.

माझ्या हातात खडू होता.  त्या गेल्यावर फळा तसाच ठेवून मी घरी आले आणि संस्थेकडून आलेल्या पत्रकांची फाइल काढली. सात पत्रकांचं मी मराठीत भाषांतर केलं होतं. आठवं कंटाळवाणं म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते हरणांच्या पिल्लांविषयी होतं. चितळाची मादी पहिले काही दिवस पाडसाला गवतात लपवून चरायला जाते, पाडस जागचं हलत नाही, ती सकाळ-संध्याकाळ दूध पाजायला परत येते. पुरुषभर उंचीच्या अक्षरांत लिहायला हवं होतं, ते माझ्याच कपाटात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रोज येते म्हणजे दूध अजून आटलेलं नाही. आणखी चार-सहा दिवस. फार तर आठ."

"मग आजच पाठवू या."

त्यांनी नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली. "आवक: भेट, जन्म, खरेदी. जावक: मृत्यू, बदली. तिसरा रकाना कुठं आहे, मला दाखवा, मॅडम."

"मग मृत्यू लिहा."

"मेलं तर पोस्टमॉर्टेम करावं लागतं. पंचांसमोर जाळावं लागतं. काय जाळू?"

"बदली?"

"स्वीकारणारी संस्था लिहावी लागते. कोणती लिहू? जंगल?"

मी म्हटलं, त्या खेड्यातली शाळा लिहा. त्यांनी नोंदवही मिटली. "शाळेनं हरीण ठेवलं तर गुरुजी आत जातील. आणि आता खरं लिहिलं, की ते जखमी नव्हतंच, मुलांनी चांगलं जिवंत पिल्लू उचलून आणलं, तरी गुरुजीच आत जातील. तुम्हीच सांगितलं होतं ना त्यांना, आणा म्हणून?"

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिथेच वरच्या कार्यालयाला पत्र सांगितलं, मी ते टाइप केलं आणि स्वतः पोस्टात टाकून आले. तार करू या, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "तार केली तर नकार लवकर येईल, एवढंच."

राखणदारानं हे सगळं दारातून ऐकलं होतं. मी बाहेर आले तसा तो हळूच म्हणाला, "बाई, आज मी कुलूप लावत नाई. तुमी नेता का?"

मी काही बोलायच्या आत तोच पुढे म्हणाला, "पण सकाळी मोजणी होते. मोजणीखाली सही माही रायते." त्याच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. पेन्शनला काही वर्षं राहिली होती. तो माझ्या होकाराची वाट पाहत होता, आणि मी हो म्हटलं असतं तर त्यानं खरंच कुलूप उघडं ठेवलं असतं. मी नाही म्हटलं. संध्याकाळी तुमच्या आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर केलंस," आणि ताटावरून उठताना म्हणाले, "बरोबर म्हणजे, दुसरं काय करणार होतीस." सासूबाईंनी हरणासाठी एवढं तोंड पाडून बसायचं कारण विचारलं. मी भाजी वाढली.

रविवारी आजोबांना बरोबर घेऊन मी त्या खेड्यात गेले. काटोलपर्यंत एसटी, पुढे गुरुजींनी पाठवलेली बैलगाडी. निघताना ठरवलं होतं की आज गुरुजींना आणि मुलांना खरं ते सांगायचं. शाळेच्या भिंतीवर आमचं आभाराचं पत्र फ्रेम करून लावलं होतं, खाली माझी इंग्रजी सही. रविवार असून सगळी मुलं आंघोळ करून, तेल लावून रांगेत उभी होती.

"मॅडम, तुमच्या पायी तालुक्यात शाळेचं नाव झालं," गुरुजी म्हणाले. "वर्गाचं छप्पर पाच वर्षांपासून मागून राह्यलो होतो. साहेब लोक पाटी पाहून आले, अन् मंजूर झालं."

वर पाहिलं तर खरोखर आभाळ दिसत होतं.

रांगेतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "बाई, आमी रोहीचं पिल्लू पाहून ठेवलं हाय. पुढच्या हप्त्यात आणतो."

सगळी मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. गुरुजीही. मी म्हटलं, "आणू नका. आता आमच्या प्राण्यांच्या बागेत जागा उरलेली नाही." मुलांचे चेहरे उतरले. "जागा झाली की कळवीन," असंही म्हटलं मी. रोहीचं, म्हणजे नीलगाईचं, पिल्लू त्यामुळे आपल्या आईपाशी राहिलं, पण मुलांना कारण मात्र खोटं मिळालं. आजोबा माझ्याकडे बघत होते. 

संध्याकाळी आम्ही बगीच्यात गेलो. बांधावर तीच थोरली बाई उभी होती. मला पाहून तिनं पदर तोंडाला लावला.

"अवं बापा! तुमीच का थ्या बाई?"

"मीच."

"माही जाऊ काहीबाही बोलते जी. मनावर घेऊ नका."

"खरंच बोलली ती."

"बसा मंग. येईनच आता."

आम्ही ढेकळांवर बसलो. उन्हं गेली. संत्र्यांच्या दोन ओळींच्या मधे, कधी आली ते न कळता, ती उभी होती. गळ्याखालचा पांढरा भाग तेवढा स्पष्ट दिसत होता. कान एकसारखे फिरत होते. मग तिनं साद घातली. मला वाटलं होतं मोठा आवाज असेल. बारीक, तुटका आवाज होता, शेजारच्या खोलीतल्या माणसाला हाक मारावी तेवढाच. थांबायची, ऐकायची, पुन्हा मारायची. मग पुढे आली आणि बांधाजवळच्या एका जागेवर नाक लावलं. तिथलं गवत अजून दबलेलं होतं.

"कास पाहा," थोरली कुजबुजली. "पयले लय भरलेली होती. आता उतरून राह्यली. आणखी किती दिवस येईन?"

"तीन-चार."

"मंग आना ना लवकर."

"अर्ज केला आहे."

"कोनाले?"

"वरच्या ऑफिसला."

तिनं जरा विचार केला. "थ्याहिले माहीत हाय का, हिचं दूध आटून राह्यलं म्हून?"

 मादी अंधार होईस्तोवर होती. आम्हीच आधी उठलो, कारण शेवटची एसटी गाठायची होती.

त्यानंतरचे दिवस मी रोज सकाळी बागेच्या ऑफिसात जाऊन टपाल पाहायची. पाडस मला ओळखू लागलं होतं. कुंपणाशी गेले की बाटलीच्या आशेनं बोट चोखायचं. राखणदार मग तिकडे पाठ करून काही तरी झाडत बसायचा. चौथा दिवस गेला, सहावा गेला, आठवा गेला. गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. वळणदार अक्षरात छपराच्या कामाची प्रगती होती आणि खाली दोन ओळी होत्या. बगीच्यातल्या बाईंनी निरोप सांगितला आहे की हरणी आता येत नाही, आणि बाईले सांगजा, आता घाई करू नका.

वरच्या कार्यालयाचं उत्तर त्यानंतर दोन आठवड्यांनी आलं. सदर प्राण्याची बदली कोणत्या संस्थेकडे करावयाची आहे ते तीन प्रतींत कळवावे.

त्याच महिन्यात फिरती वही माझ्याकडे परत आली. पार्सल उघडताना मला नेहमीसारखा आनंद झाला नाही. मी पानं उलटू लागले. काठमांडूत पाट्या लागल्या होत्या. ढाक्यात लागल्या होत्या. कोलंबोच्या बाईंनी लिहिलं होतं की नागपूरची कल्पना इतकी चांगली निघाली की शाळा रांग लावून प्राणी आणत आहेत. फोटोत एक मुलगा पिंजऱ्यापुढे ताठ उभा होता, हातात आपल्या वर्गाची पाटी. माझं अक्षर खोडता येण्यासारखं नव्हतं. ते चार देशांत जाऊन आलं होतं.

मी चार पानं लिहिली. घुबडापासून सगळं, आठव्या पत्रकासह, बगीच्यासह, जागा नाही असं मुलांना सांगितलं त्यासह. फक्त गुरुजींचं गाव लिहिलं नाही. साहेबांनी ती उभ्याउभ्या वाचली. "पाठवा," ते म्हणाले. "माझी सही मात्र घेऊ नका." त्याच दिवशी गुरुजींनाही लांब पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं होतं: मुलांना वाचून दाखवले, छप्पर झाले आहे. पुन्हा त्यांनी मला कधी पत्र लिहिलं नाही. मुलांनी कोणतं पिल्लू आणलं नाही.

वही परत आली नाही. वाटेत हरवली की कुणी पुढे पाठवली नाही, ते कळलं नाही. कोलंबोहून पत्रकं यायची हळूहळू थांबली. काठमांडूच्या गृहस्थांचं एक पत्र आलं. आम्ही आमच्या पाट्या काढल्या, आता प्राण्यांचं काय करायचं? मी पुष्कळदा उत्तर लिहायला बसले. त्यांना पाठवण्यासारखं काही मला सुचलं नाही.

आमच्याही पाट्या काढल्या. "सप्रेम भेट" पुसून नुसती प्राण्यांची नावं ठेवली. "हे पाडस आईपासून तोडून आणले आहे," असं लिहिण्याची परवानगी मी मागितली, ती मिळाली नाही, पाटी झाली, "चितळ, मादी." मानद शिक्षणाधिकारी मी पुढेही होते. सोडावंसं वाटलं, पण सोडून त्या कुंपणापुढे दुसरं कोण उभं राहून खरं सांगणार होतं? प्रत्येक वर्ग मी तिथेच आणायची. गवतात लपवलेल्या पाडसाची गोष्ट सांगायची, दिसलं तर हात न लावता निघून या म्हणायची. आणि दर वेळी कुणी ना कुणी विचारायचंच, "बाई, मग आता हिला सोडून का देत नाही?" मी सांगायची की हिला जंगल माहीत नाही, बाटलीवर वाढलेली आहे, माणसाला भीत नाही, सोडली तर पहिल्याच गावाजवळ कुत्री फाडतील. सगळं खरं होतं. मुलं मान डोलवून वाघाकडे पळायची, आणि मी पुढच्या वर्गाची वाट पाहत तिथेच थांबायची. अशी किती वर्षं, ते मोजलं नाही.

ती मोठी झाली, बागेतल्या कळपात मिसळली. एका सकाळी राखणदार मला घ्यायला फाटकापर्यंत आला. हे त्यानं कधी केलं नव्हतं. "चाला, दाखवतो," म्हणाला. कुंपणाच्या आत सगळी उघडी, तुडवलेली जमीन होती. कोपऱ्यात तेवढा वाळल्या कडब्याचा ढीग. त्या कडब्यात एक पिल्लू अंग चोरून बसलं होतं, पापणीही न हलवता. ती वीस पावलांवर, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला, तिकडे न बघता गव्हाणीतलं गवत खात होती.

"हिले तर कोनी शिकवलं नाई," राखणदार म्हणाला. "मी बाटलीनं वाढवली. मंग हिले कसं समजलं, लेकरू लपवाले पाह्यजे म्हून?"

संध्याकाळी ती कडब्यापाशी गेली आणि तोच बारीक, तुटका आवाज तिनं काढला. पिल्लू उठून तिला लुचू लागलं. मला बघवेना, आणि तिथून जाताही येईना.

साहेब गेले, राखणदारही गेला. त्या खेड्यातलं आता कुणी माझ्या ओळखीचं उरलेलं नाही. तिची पिलावळ मात्र बागेत अजून आहे. मागच्या महिन्यात गेले तेव्हा मी नऊ मोजली, सगळी आतच जन्मलेली.